ज्या जपानी गोल्फ क्लबमध्ये महिलांना रविवारी खेळता येत नव्हतं, तिथेच अदिती अशोकनं भारताला पहाटे उठवलं!

मंडळी, ७ ऑगस्ट २०२१ ची शनिवारची पहाट आठवतेय? टोकियो ऑलिम्पिक संपायला एकच दिवस उरला होता. संध्याकाळी नीरज चोप्रा भाला फेकणार होता, त्यामुळे सगळ्यांचं लक्ष तिकडेच होतं. पण त्याआधी, दिवस उजाडायच्या आत, देशभरातले लोक टीव्ही आणि मोबाईल लावून चक्क गोल्फ बघत बसले होते! यातल्या बहुतेकांनी आयुष्यात कधी गोल्फची काठी हातात धरली नव्हती. 'बर्डी म्हणजे काय?', 'पार म्हणजे किती?', 'आपली पोरगी पुढे आहे की मागे?' असे प्रश्न व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरत होते.

त्या पोरीचं नाव अदिती अशोक. जागतिक क्रमवारीत २०० व्या क्रमांकावर असलेली बेंगळुरूची ही मुलगी शेवटच्या दिवशी पदकाच्या शर्यतीत होती. तिची गोष्ट आपण बघूच. पण ती ज्या हिरवळीवर खेळत होती, त्या हिरवळीचीही एक गोष्ट आहे आणि ती फारशी कुणी सांगितली नाही. ही स्पर्धा होण्याच्या जेमतेम साडेचार वर्षं आधीपर्यंत त्या क्लबमध्ये महिलांना पूर्ण सदस्यत्व मिळत नव्हतं आणि रविवारी त्यांना तिथे खेळताही येत नव्हतं.

या क्लबचं नाव आहे कासुमिगासेकी कंट्री क्लब.

हा क्लब आहे तरी कुठे?

टोकियोत कासुमिगासेकी नावाचा एक भाग आहे. जपान सरकारची मोठमोठी मंत्रालयं तिथेच आहेत. पण आपला क्लब तिथे नाही बरं का! तो आहे टोकियोच्या वायव्येला, शेजारच्या सैतामा प्रांतातल्या कावागोए शहरात. तिथेही कासुमिगासेकी नावाचं रेल्वे स्टेशन आहे. नाव एक आणि जागा दोन, त्यामुळे नवख्या माणसाचा गोंधळ ठरलेला.

१९२९ मध्ये हा क्लब सुरू झाला. इथे प्रत्येकी १८ होलचे दोन कोर्स आहेत. पूर्वेकडचा १९२९ चा आणि पश्चिमेकडचा १९३२ चा. ऑलिम्पिक झालं ते पूर्व कोर्सवर.

पूर्व कोर्सचा मूळ आराखडा किनया फुजिता यांनी केला. पुढच्याच वर्षी चार्ल्स ह्यू ॲलिसन नावाचा इंग्रज कोर्स रचनाकार जपानमध्ये आला होता. फुजितांनी त्याचा सल्ला घेऊन कोर्समध्ये बदल केले. ॲलिसनची खासियत म्हणजे खोल बंकर. बंकर म्हणजे वाळूनं भरलेले खड्डे, ज्यात चेंडू गेला की खेळाडूच्या कपाळावर आठ्या पडतात. ॲलिसनचे खड्डे तर इतके खोल की आत उतरलेल्या माणसाला वरची हिरवळ दिसायचीच नाही. जपानी खेळाडूंना अशा खड्ड्यांची सवय नव्हती. ॲलिसन जपानमध्ये काही महिनेच राहिला, पण आजही तिथे खोल बंकरला 'ॲलिसन बंकर' असंच म्हणतात!

एका होलला दोन ग्रीन? हा काय प्रकार?

गोल्फमध्ये प्रत्येक होलच्या शेवटी बारीक कापलेल्या गवताचा एक गुळगुळीत भाग असतो. त्याला ग्रीन म्हणतात. त्यातच झेंडा आणि खळगा असतो. जगात बहुतेक ठिकाणी एका होलला एकच ग्रीन असतं. जपानमध्ये मात्र जुन्या कोर्सवर एका होलला दोन-दोन ग्रीन दिसतात!

याचं कारण आहे हवामान. युरोपातल्या ग्रीनवर 'बेंट' नावाचं बारीक गवत असतं. ते थंडीत छान राहतं, पण जपानचा उन्हाळा दमट आणि कडक असतो. त्या उन्हाळ्यात हे गवत सडायचं आणि मरायचं. दुसरीकडे 'कोराई' नावाचं स्थानिक गवत उन्हाळ्यात टिकायचं, पण हिवाळ्यात पिवळं पडून झोपी जायचं. मग जपानी लोकांनी सरळ उपाय काढला. दोन्ही गवतांची दोन वेगळी ग्रीन करायची, उन्हाळ्यात एकावर खेळायचं आणि हिवाळ्यात दुसऱ्यावर.

पुढे बेंट गवताच्या उष्णता सोसणाऱ्या जाती आल्या आणि दुसऱ्या ग्रीनची गरज कमी होत गेली. कासुमिगासेकीच्या पूर्व कोर्सवरही दोन ग्रीन होती. ऑलिम्पिकची तयारी करताना अमेरिकन रचनाकार टॉम फॅझिओ आणि त्यांचा मुलगा लोगन यांनी हा कोर्स नव्यानं बांधला, तेव्हा प्रत्येक होलला एकच मोठं ग्रीन ठेवलं. २०१६ मध्ये हे काम पूर्ण झालं.

म्हणजे ऑलिम्पिकसाठी क्लबनं गवत बदललं, खड्डे बदलले, सगळी जमीन उकरली. नियमावली बदलणं मात्र त्याहून अवघड निघालं!

जपानला गोल्फचं वेड कुणी लावलं?

जपानमध्ये गोल्फ आणला एका इंग्रज व्यापाऱ्यानं. आर्थर ग्रूम त्याचं नाव. कोबे शहराजवळच्या रोक्को डोंगरावर त्यानं १९०१ मध्ये आधी चार होल तयार केले आणि १९०३ मध्ये तिथे जपानमधला पहिला गोल्फ क्लब सुरू झाला. (भारतात गोल्फ त्याच्याही आधी आला. कोलकात्याचा रॉयल कलकत्ता गोल्फ क्लब १८२९ चा आहे!)

पण पुढची पन्नास वर्षं जपानमध्ये हा मूठभर श्रीमंतांचाच खेळ राहिला. दुसऱ्या महायुद्धात तर तो 'शत्रूचा खेळ' ठरला. इंग्रजी शब्दांच्या जागी जपानी शब्द आणले गेले, अनेक कोर्सवर शेती झाली, काही लष्कराच्या ताब्यात गेले.

चित्र पालटलं ते ऑक्टोबर १९५७ मध्ये, आणि तेही याच कासुमिगासेकीवर. त्या वर्षीचा कॅनडा कप इथे झाला. ही दोन-दोन खेळाडूंच्या देशांच्या संघांची स्पर्धा, म्हणजे आजच्या भाषेत गोल्फचा वर्ल्डकप. अमेरिकेकडून सॅम स्नीड आणि जिमी डेमारेट आले होते. हे दोघे म्हणजे त्या काळातले दिग्गज. जपानकडून तोराकिची नाकामुरा आणि कोइची ओनो. परदेशात त्यांना कुणी ओळखतही नव्हतं.

निकाल? जपानचा संघ पहिला, अमेरिका दुसरी! वैयक्तिक विजेतेपदही नाकामुरांनीच घेतलं. युद्ध हरून बारा वर्षं झाली होती आणि घरच्या मैदानावर अमेरिकेला हरवलं होतं. ही स्पर्धा टीव्हीवरही दाखवली गेली. आपल्याकडे १९८३ च्या वर्ल्डकपनं क्रिकेटचं जे केलं, तेच जपानमध्ये या स्पर्धेनं गोल्फचं केलं. त्या वेळी देशात शे-सव्वाशे कोर्स असतील. आज ही संख्या २,२०० च्या आसपास आहे आणि आशियातल्या कुठल्याही देशात एवढे कोर्स नाहीत.

सदस्यत्व की शेअर बाजार?

आता 'सदस्यत्व' या शब्दाला जपानमध्ये एवढं वजन का आहे, ते बघूया. त्याशिवाय रविवारच्या नियमाचा अर्थ कळणार नाही.

जपानमध्ये कंपन्यांचे व्यवहार ऑफिसात जेवढे होतात, तेवढेच बाहेरही होतात. ग्राहकाला किंवा वरिष्ठाला गोल्फला नेणं हा कामाचाच भाग मानला जातो. यासाठी 'सेत्ताई गोल्फ' असा खास शब्द आहे, म्हणजे पाहुणचाराचा गोल्फ. चार माणसं सकाळी निघतात, नऊ होल खेळतात, क्लबहाऊसमध्ये निवांत जेवतात, उरलेले नऊ होल खेळतात, मग गरम पाण्याच्या सामूहिक कुंडात अंघोळ करून घरी परततात. दिवसभरात ओळखी घट्ट होतात आणि पुढचे करार ठरतात.

त्यामुळे चांगल्या क्लबचं सदस्यत्व म्हणजे समाजातल्या स्थानाची पावती झाली. या सदस्यत्वांची खरेदी-विक्री करणारे दलाल आले, त्यांचे भाव छापून येऊ लागले. १९८० च्या दशकात जपानमध्ये जमिनीचे आणि शेअर्सचे भाव फुगले, तेव्हा गोल्फच्या सदस्यत्वांचेही भाव आकाशाला भिडले. टोकियोजवळच्या कोगानेई कंट्री क्लबचं एक सदस्यत्व त्या काळात सुमारे ४० कोटी येनपर्यंत गेलं होतं. हो, एका माणसाचं एक सदस्यत्व! १९९० मध्ये एका जपानी उद्योजकानं अमेरिकेतला प्रसिद्ध पेबल बीच कोर्स ८० कोटी डॉलरपेक्षा जास्त किमतीला विकत घेतला. तिथली सदस्यत्वं जपानी लोकांना विकायची, असा बेत होता. तो फसला आणि दोनच वर्षांत प्रचंड तोट्यात कोर्स विकावा लागला.

मग फुगा फुटला. अनेक क्लबनी सदस्यांकडून मोठ्या ठेवी घेतल्या होत्या आणि ठराविक वर्षांनी त्या परत द्यायच्या होत्या. त्या देताना क्लबचं दिवाळं निघालं. काही ओसाड कोर्सवर आज सौरऊर्जेची पॅनल दिसतात. कासुमिगासेकीसारखे जुने, सदस्यांच्याच मालकीचे क्लब मात्र टिकून राहिले, आणि त्यांचे जुने नियमही.

नेमका नियम काय होता?

जपानच्या बऱ्याच क्लबमध्ये सदस्यांचे प्रकार असतात. पूर्ण सदस्याला आठवड्यातले सगळे दिवस खेळता येतं आणि क्लबच्या कारभारात मत असतं. बाकीचे सदस्य म्हणजे मर्यादित अधिकारांचे, उदाहरणार्थ फक्त कामाच्या दिवशी खेळू शकणारे.

कासुमिगासेकीत महिला खेळत होत्या. महिला सदस्यही होत्या. १९९९ मध्ये तर जपानची महिला ओपन स्पर्धाही इथे झाली होती. पण पूर्ण सदस्यत्व फक्त पुरुषांना होतं, आणि रविवारी कोर्स महिलांना बंद.

'एक दिवस नाही खेळलं तर काय बिघडलं?' असं कुणी म्हणेल. पण नोकरी करणाऱ्या बाईचा विचार करा. सोमवार ते शुक्रवार ती ऑफिसात. तिला मोकळा मिळणारा हक्काचा दिवस म्हणजे रविवार, आणि नेमका तोच दिवस बंद! म्हणजे कागदावर 'महिलांना प्रवेश आहे' असं म्हणता येतं, पण ज्या दिवशी मोठे अधिकारी आणि ग्राहक मैदानावर असतात, ओळखी होतात, त्या दिवशी ती तिथे नसते. आणि पूर्ण सदस्य नसल्यामुळे हा नियम बदलायला मतही देऊ शकत नाही.

यातला आणखी एक विरोधाभास बघा. जपानच्या गोल्फ कोर्सवर कॅडीचं काम बहुतेक वेळा महिलाच करतात. रुंद काठाची टोपी, हातमोजे, पूर्ण बाह्यांचा गणवेश. चार खेळाडूंच्या बॅगा एका गाडीवर घेऊन एकच कॅडी सगळ्यांना सांभाळते. कुठून वारा आहे, ग्रीनचा उतार कुठे, चेंडू कुठे पडला, सगळं ती सांगते. थोडक्यात, रविवारीसुद्धा बाई मैदानावर असायची. फक्त खेळायला नाही, बॅगा सांभाळायला.

मग नियम बदलला कसा?

२०१३ मध्ये टोकियोला २०२० चं ऑलिम्पिक मिळालं. गोल्फसाठी कासुमिगासेकीची निवड झाली होती. तेव्हा या नियमाकडे फार कुणी लक्ष दिलं नाही. नंतर मात्र जपानमधूनच प्रश्न विचारले जाऊ लागले. स्पर्धा इथून हलवून टोकियोच्या खाडीकाठच्या वाकासु या सार्वजनिक कोर्सवर घ्यावी, अशीही मागणी झाली.

जुलै २०१६ मध्ये युरिको कोइके टोकियोच्या गव्हर्नर म्हणून निवडून आल्या. या पदावरच्या त्या पहिल्याच महिला. जानेवारी २०१७ मध्ये त्यांनी जाहीरपणे सांगितलं की, एकविसाव्या शतकात महिला पूर्ण सदस्य होऊ शकत नाहीत, हे आपल्याला खटकतं. ऑलिम्पिकच्या सनदेत भेदभावाला जागा नाही, त्यामुळे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीनंही क्लबवर दबाव आणला. नियम बदलला नाही तर दुसरी जागा शोधावी लागेल, असा त्याचा सरळ अर्थ होता.

क्लबमध्ये नाराजी होती. 'हा आमचा खासगी क्लब आहे, बाहेरच्यांनी का सांगावं?' असं काही सदस्यांना वाटत होतं. त्यांचा मुद्दा अगदीच बिनबुडाचा नव्हता. खासगी संस्थेला आपले नियम ठरवायचा हक्क असतोच. पण जगातली सगळ्यात मोठी क्रीडास्पर्धा, जी सार्वजनिक पैशावर आणि समानतेच्या नावानं होते, ती आपल्या अंगणात हवी असेल, तर 'हे आमचं घरगुती प्रकरण' असं म्हणता येत नाही.

शेवटी २० मार्च २०१७ रोजी क्लबच्या संचालक मंडळानं एकमतानं निर्णय घेतला. महिलांनाही पूर्ण सदस्य होता येईल. ८८ वर्षांचा नियम एका बैठकीत गेला!

आणि हे फक्त जपानमध्येच घडत होतं असं समजू नका. त्याच्या सहाच दिवस आधी, १४ मार्च २०१७ ला, स्कॉटलंडच्या म्युअरफील्ड क्लबनं महिलांना सदस्यत्व द्यायचा निर्णय मतदानानं घेतला. आदल्या वर्षी त्यांनी हाच प्रस्ताव फेटाळला होता, तेव्हा ब्रिटिश ओपन स्पर्धेच्या यजमानांच्या यादीतून त्यांचं नाव वगळलं गेलं होतं. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनलनं पहिल्या महिला सदस्य घेतल्या त्या २०१२ मध्ये. थोडक्यात, पूर्व असो की पश्चिम, गोल्फ क्लबची दारं आपोआप उघडली नाहीत. काहीतरी मोठं हातचं जाईल असं दिसलं, तेव्हाच ती उघडली.

तो व्हायरल व्हिडिओ आठवतो?

नियम बदलल्यानंतर काही महिन्यांनीच हा क्लब पुन्हा जगभर दिसला. ५ नोव्हेंबर २०१७ ला अमेरिकेचे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प जपानमध्ये उतरले आणि पंतप्रधान शिंजो आबे त्यांना थेट इथे गोल्फ खेळायला घेऊन आले. सोबत होता जपानचा स्टार गोल्फपटू हिदेकी मात्सुयामा. (आणि हो, तो दिवस रविवारच होता!)

खेळता खेळता आबेंचा चेंडू बंकरमध्ये गेला. तो बाहेर काढल्यावर ट्रम्पना गाठण्यासाठी ते घाईघाईनं खड्ड्याच्या उभ्या कडेवर चढले, तोल गेला आणि कोलांटी खाऊन थेट पुन्हा वाळूत! वर घिरट्या घालणाऱ्या हेलिकॉप्टरमधून एका जपानी वाहिनीनं हे टिपलं. पुढे चालत गेलेल्या ट्रम्पना काय झालं याचा पत्ताच नव्हता. आबे मात्र झटकन उठून टोपी उचलून चालू लागले. हा व्हिडिओ तेव्हा तुमच्याही फोनवर आला असेल.

मात्सुयामाचं या क्लबशी जुनं नातं आहे. २०१० मध्ये इथेच, पश्चिम कोर्सवर, त्यानं आशियाई हौशी स्पर्धा जिंकली आणि त्या विजयामुळे त्याला अमेरिकेतल्या मास्टर्स स्पर्धेचं निमंत्रण मिळालं. एप्रिल २०२१ मध्ये त्यानं मास्टर्स जिंकलीच. हा मान मिळवणारा तो पहिला जपानी खेळाडू.

आणि मग आलं ऑलिम्पिक

कोविडमुळे ऑलिम्पिक एक वर्ष लांबलं. २०२१ च्या फेब्रुवारीत आयोजन समितीचे अध्यक्ष आणि माजी पंतप्रधान योशिरो मोरी यांनी 'बैठकीत महिला असल्या की बैठक लांबते' अशा अर्थाचं विधान केलं. जगभर टीका झाली आणि त्यांना पद सोडावं लागलं. त्यांच्या जागी सेइको हाशिमोतो आल्या. म्हणजे क्लबचा नियम बदलून चार वर्षं झाली, तरी मूळ प्रश्न जिथल्या तिथेच होता.

स्पर्धा प्रेक्षकांविना झाली. सैतामा प्रांताचा उन्हाळा म्हणजे भट्टी. २०१८ च्या जुलैमध्ये याच प्रांतात कुमागाया इथे ४१.१ अंश तापमान नोंदलं गेलं होतं.

पुरुषांच्या स्पर्धेत अमेरिकेच्या झँडर शॉफलीनं सुवर्ण जिंकलं. कांस्यपदकासाठी तब्बल सात जणांमध्ये बरोबरी झाली! मात्सुयामाही त्यात होता, पण पदक गेलं तैवानच्या सी. टी. पॅनकडे. भारताकडून अनिर्बन लाहिरी आणि आपल्या पुण्याचा उदयन माने खेळले. उदयनला तर एका खेळाडूनं माघार घेतल्यामुळे ऐनवेळी संधी मिळाली होती.

मग ४ ऑगस्टला महिलांची स्पर्धा सुरू झाली. ६० खेळाडू, चार दिवस, रोज १८ होल. अदितीचे फटके बाकीच्या बड्या खेळाडूंइतके लांब जात नव्हते. पण ग्रीनवर आल्यावर चेंडू हळूच खळग्यात ढकलायचा असतो, ज्याला पट म्हणतात, त्यात तिचा हात कुणी धरत नव्हतं. बॅग उचलायला होती तिची आई, माहेश्वरी.

गोल्फमध्ये कमी फटके मारणारा जिंकतो. या कोर्सवर एका फेरीसाठी ७१ फटके अपेक्षित आहेत. त्यालाच पार म्हणतात. एखादा होल अपेक्षेपेक्षा एक फटका कमी मारून पूर्ण केला की ती बर्डी. अदितीच्या पहिल्या तीन फेऱ्या होत्या ६७, ६६ आणि ६८. म्हणजे तीन दिवसांनंतर ती दुसऱ्या क्रमांकावर! पुढे फक्त जागतिक क्रमवारीत पहिली असलेली अमेरिकेची नेली कोर्डा.

त्यातच शनिवारी वादळाचा इशारा होता. चौथी फेरी झालीच नाही, तर तीन फेऱ्यांवर निकाल लावायची तयारी होती. तसं झालं असतं तर अदितीला रौप्य नक्की होतं. देशात अनेकांनी पावसासाठी देव पाण्यात ठेवले! पाऊस आला, खेळ थांबलाही, पण फार उशिरा आणि थोडाच वेळ. खेळ पुन्हा सुरू झाला.

शेवटच्या होलवर अदितीसमोर एक लांबचा पट होता. तो पडला असता तर पदकाची आशा जिवंत राहिली असती. चेंडू खळग्याच्या जवळून गेला.

अंतिम हिशोब असा: नेली कोर्डा २६७, जपानची मोने इनामी आणि न्यूझीलंडची लिडिया को प्रत्येकी २६८, अदिती २६९. चार दिवस, ७२ होल आणि अंतर एका फटक्याचं! इनामीनं प्लेऑफमध्ये रौप्य घेतलं, लिडियाला कांस्य. अदिती चौथी.

मग या गोष्टीतून काय घ्यायचं?

जरा विचार करा. त्या शनिवारी घरच्या मैदानावर जपानला गोल्फमधलं पहिलं ऑलिम्पिक पदक मिळवून दिलं ते एका महिलेनं. मात्सुयामासारखा मास्टर्स विजेता त्याच कोर्सवर पदकाशिवाय परतला होता. २०१७ पर्यंत मोने इनामीलाही, ती जपानी असूनही, या क्लबमध्ये पूर्ण सदस्य होता आलं नसतं.

आणि भारतात एका मायलेकीच्या जोडीनं लाखो लोकांना पहिल्यांदा गोल्फ बघायला लावला. ज्या मैदानावर वर्षानुवर्षं बायका पुरुषांच्या बॅगा सांभाळत आल्या, तिथे एक आई आपल्या मुलीची बॅग सांभाळत होती.

नियम बदलला म्हणून सगळं बदललं, असं अर्थातच नाही. सदस्यत्व महाग आहे, शिफारशी लागतात, आणि जुन्या क्लबमध्ये जागा सहजासहजी रिकाम्या होत नाहीत. दार उघडणं वेगळं आणि आत जाता येणं वेगळं. पण दारच बंद असेल, तर पुढचं बोलणंच खुंटतं.

कुठल्याही संस्थेत, मग तो गोल्फ क्लब असो, गावातलं मंडळ असो की सोसायटीची कमिटी, एक प्रश्न विचारून बघा: इथे 'प्रवेश सगळ्यांना आहे' असं म्हणतात, पण रविवार कुणाच्या वाट्याला येतो?

तुमच्या बघण्यात असा एखादा 'रविवारचा नियम' आहे का? आणि त्या पहाटे तुम्ही अदितीचा खेळ बघायला उठला होतात का? कमेंटमध्ये नक्की सांगा. लेख आवडला तर गोल्फ कळत नाही म्हणणाऱ्या मित्रमैत्रिणींना जरूर पाठवा!